डब्यातले पैसे फोनमध्ये गेले; आता ते कोणाकोणाला दिसतात?

ओवी_माण | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात बचत गटांसोबत काम करते. गेल्या आठवड्यात एका वाडीवर बैठक होती, विषय यूपीआय. मी नेहमीचंच सांगत होते: पिन कोणाला सांगायचा नाही, पैसे यायला पिन लागतच नाही, ओळख नसलेल्या लिंकवर बोट ठेवायचं नाही. मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक मावशी मध्येच म्हणाल्या, "ताई, चोराचं कळलं. पण डाळीच्या डब्यातलं पैसं कुणाला दिसत न्हवतं. फोनातलं दिसत्यात का?"

मी सांगून टाकलं, "नाही मावशी, सगळं एन्क्रिप्टेड असतं." त्या गप्प बसल्या. परत येताना एसटीत माझ्या लक्षात आलं की मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. त्यांनी चोराबद्दल विचारलंच नव्हतं. त्या घराबद्दल विचारत होत्या.

त्यांचं बँक खातं आहे, पण खात्याला मोबाइल नंबर नवऱ्याचा. लाडकी बहीणचे १५०० जमा झाले की मेसेज त्याच्या फोनवर वाजतो आणि संध्याकाळी हिशोब मागितला जातो. पूर्वी अंड्यांचे, शेळीचे सुटे पैसे त्या डब्यात सारत. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनंतरच्या आठवड्यात असे किती डबे सगळ्या घरासमोर रिकामे करावे लागले, हे आमच्या भागात बायका अजून सांगतात.

मला नीट समजून घ्यायचं आहे. यूपीआय, तो नवा डिजिटल रुपया, बँकेचे मेसेज, व्हॉट्सॲप यांपैकी कुठे काय कोणाला दिसतं? एका मावशींचा भाचा म्हणतो बिटकॉइन घ्या, ते कुणालाच कळत नाही. ते खरं का? पुढची बैठक २ आठवड्यांनी आहे आणि या वेळी मला खरं उत्तर द्यायचं आहे.

जुना_कॅशिअर | सोमवार, रात्री १०:१५

ओवीताई, ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी काउंटरवर. त्या मावशींसारखी खाती मी स्वतः उघडली आहेत. फॉर्म मुलगा किंवा नवरा भरायचा, मोबाइलच्या रकान्यात स्वतःचा नंबर टाकायचा, बाईंचा फक्त अंगठा. तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आज वाटतं.

पहिलं काम नंबर बदलणं. बाईंनी स्वतः शाखेत जायचं. पासबुक, आधार आणि स्वतःच्या फोनसह. अर्जावर सही किंवा अधिकाऱ्यासमोर अंगठा. यात पैसे लागत नाहीत आणि नवऱ्याची संमतीही लागत नाही, खातं तिचं आहे.

पण एक गोष्ट आधी सांगून ठेवा. नंबर बदलला की बऱ्याच बँका जुन्या नंबरवरही तसा मेसेज पाठवतात. फसवणुकीपासून बचाव म्हणून ते योग्यच आहे, पण त्या घरात तो मेसेज कोण वाचणार हे तुम्हाला माहीत आहे. जिथे मारहाणीची भीती असेल तिथे जुन्या खात्याला हात न लावता दुसऱ्या बँकेत नवं खातं उघडणं बरं. मात्र सरकारी योजनेचे पैसे आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. नव्या खात्याला आधार जोडलं तर योजनेचे पैसे तिकडे वळतील आणि जुन्या नंबरवर मेसेज येणं थांबेल. घरात तेही लगेच लक्षात येईल. म्हणून काय जोडायचं आणि काय नाही, हे त्या बाईंनाच ठरवू द्या.

पायथ्याशी | सोमवार, रात्री ११:०२

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, पेमेंटच्या प्रणालींवर काम केलं आहे. 'सगळं एन्क्रिप्टेड असतं' हे वाक्य आमच्याच लोकांनी पसरवलं, म्हणून उत्तर द्यायची जबाबदारी आमचीच.

पोस्टकार्ड आणि बंद पाकीट आठवा. पोस्टकार्ड पोस्टमन वाचायचा, वाटेत चार जण वाचायचे. पाकीट फक्त ज्याच्या हातात पडेल तोच फोडायचा. एन्क्रिप्शन म्हणजे ते पाकीट. वाटेतल्यांपासून ते राखतं. पण पाकीट ज्या घरात पोचतं त्या घरात ते कोण फोडतं, यावर त्याचा काहीही ताबा नसतो.

मावशींनी दुकानात यूपीआयने ४० रुपये दिले, तर ते कळतं कोणाला? त्या ज्या ॲपमधून देतात ती कंपनी, त्यांची बँक, मधलं एनपीसीआय (यूपीआय चालवणारी संस्था), दुकानदाराची बँक आणि दुकानदार. पाचही जणांना कळणं भागच आहे, नाहीतर व्यवहार पुरा होणार नाही. वाटेतला चोर मात्र काही वाचू शकत नाही. तुमचं उत्तर तेवढ्यापुरतं बरोबर होतं. पुढे बँक जो साधा एसएमएस पाठवते, तो म्हणजे पोस्टकार्ड. शिवाय पत्ताही नवऱ्याचा.

आणखी एक. यूपीआय त्याच सिमवर चालू होतं जे खात्याला जोडलेलं आहे. खात्यात नंबर नवऱ्याचा असेपर्यंत मावशींच्या फोनवर त्या खात्याचं यूपीआय सुरूच होणार नाही. त्यामुळे कॅशिअरकाकांनी सांगितलेलं पहिलं काम खरंच पहिलं आहे.

गाठोडं | मंगळवार, सकाळी ७:३०

धागा वाचून थोडा अस्वस्थ झालो. आमच्या घरात बायकोच्या खात्याला नंबर माझाच आहे. मीच तिचे हप्ते भरतो, तिला बँकेची कटकट नको असते. नवऱ्यापासून पैसे लपवायला शिकवणं ही मदत आहे का? ज्या घरात विश्वास आहे तिथे अशा गोष्टींनी उगाच भिंत उभी राहते असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

विधिज्ञा | मंगळवार, सकाळी ८:५५

@गाठोडं, तुमच्या घरात तसं असेल आणि मला त्यावर शंका घ्यायची नाही. पण मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते, त्यामुळे माझ्याकडे दुसरी घरं येतात. एका बाईंनी माहेरी जायच्या बसचं भाडं जमवलं होतं आणि ते यूपीआयच्या यादीत सापडलं. एकीने स्त्रीरोगतज्ज्ञाची फी फोनवरून दिली आणि सासरी कळलं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीसोबत आर्थिक छळालाही हिंसाच म्हटलं आहे. बाईच्या पैशावर पहारा ठेवणं किंवा तिचे पैसे तिच्या हाती लागू न देणं, हे त्या व्याख्येच्या फार जवळचं आहे.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. त्या निकालाची चर्चा बहुतेक वेळा सरकार आणि नागरिक अशीच होते. स्वयंपाकघर आणि ओसरी यांच्यामध्येही तोच प्रश्न आहे, हे ओवीच्या मावशींनी एका वाक्यात सांगितलं.

विश्वास असेल तर बाई आपणहून सांगेल. सांगायचं की नाही हे तिच्या हातात हवं, एवढंच.

(अडचणीत असलेल्या बाईसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. ओवी, हा आकडा बैठकीत तोंडपाठ करून घ्या. कागदावर लिहून दिला तर तो कागदही सापडतो.)

नवा_गडी | मंगळवार, दुपारी १:२०

भाच्याची बाजू मांडतो. बिटकॉइनमध्ये बँक नाही, एसएमएस नाही, नवऱ्याचा नंबर नाही. १२ किंवा २४ शब्दांची किल्ली लक्षात ठेवली की पैसे तुमचे. कोणी खातं गोठवू शकत नाही. ज्या बाईला कोणावरच विसंबता येत नाही तिच्यासाठी याहून मोकळी व्यवस्था कुठली? मी २०१९ पासून वापरतो आणि मला मनापासून वाटतं की हे गावापर्यंत पोचायला हवं.

पायथ्याशी | मंगळवार, दुपारी २:४५

@नवा_गडी, तुमची कळकळ समजते. किल्ली स्वतःकडे ठेवायची कल्पना मलाही सुंदर वाटते. पण 'कुणालाच कळत नाही' हे चूक आहे आणि ते त्या मावशींपर्यंत तसंच पोचता कामा नये.

बिटकॉइनची वही सगळ्या जगासमोर उघडी असते. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या पानापासून आजपर्यंतचा प्रत्येक व्यवहार त्यात आहे. २२ मे २०१० ला एका माणसाने १०,००० बिटकॉइन देऊन २ पिझ्झा घेतले, तो व्यवहार आजही कोणीही पाहू शकतो. वहीत नाव नसतं, लांबलचक पत्ता असतो. पण एकदा का तो पत्ता कोणाचा हे कळलं, की त्याचा मागचा-पुढचा सगळा इतिहास उघडा पडतो. आणि ते कळतंच, कारण रुपये देऊन बिटकॉइन घ्यायचे तर एक्स्चेंजला, म्हणजे त्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीला, पॅन आणि आधार द्यावं लागतं. मार्च २०२३ पासून ही एक्स्चेंज मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आहेत. म्हणजे बँकेइतकीच ओळख द्यायची आणि वर वही जगाला उघडी.

शिवाय बँकेच्या खात्यातून एक्स्चेंजला पैसे गेले की मेसेज येणारच, आणि तो त्याच नंबरवर.

जुना_कॅशिअर | मंगळवार, दुपारी ४:१०

मी इथे जरा कठोर बोलतो. मावशींचे १५०० रुपये ही त्यांची अडीअडचणीची पुंजी आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९,००० डॉलरच्या आसपास होता आणि वर्षभरात १६,००० च्या आसपास आला. नंतर पुन्हा वर गेला हे खरं, पण नातीच्या दवाखान्याला पैसे ज्या दिवशी लागतात त्याच दिवशी लागतात. नफ्यावर ३० टक्के कर, एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातून वजा होत नाही, आणि ठरावीक मर्यादेपुढच्या विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो.

आणि महाराष्ट्रात या नावाखाली काय झालं ते विसरू नका. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेवाल्यांनी १८ महिने दरमहा १० टक्के परतावा सांगितला. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्याच्या सूत्रधाराला अटक केली तोवर असंख्य लोकांचे पैसे गेले होते. माझ्या ओळखीच्या दोन निवृत्त शिक्षकांचेही. ते बिटकॉइनच्या गणितामुळे बुडाले नाहीत. ओळखीतला माणूस सांगतोय म्हणून त्यांनी पैसे दिले. इथेही भाचाच सांगतोय.

शिंपलं | मंगळवार, सायंकाळी ६:३०

गोव्यातून लिहिते. माझे पैसे एका एक्स्चेंजवर अडकले होते. नाव घेत नाही. तिथे 'माझं' म्हणून जे दिसत होतं त्याच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या हे मला अडकल्यावर कळलं. २०२४ च्या जुलैमध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली तेव्हा हाच धडा देशभर लोकांनी घेतला. किल्ली स्वतःकडे ठेवायची म्हटली तर ते १२ शब्द इंग्रजीत असतात आणि कागद हरवला तर दाद मागायला कोणी नसतं. ज्या घरात डाळीचा डबा तपासला जातो तिथे तो कागद कुठे ठेवायचा?

नवा_गडी | मंगळवार, रात्री ८:००

हा शेवटचा प्रश्न मी केला नव्हता. मान्य. मावशींसाठी हे नको. तरी किल्ली माणसाच्या हातात असावी, हे म्हणणं मी सोडणार नाही.

ओवी_माण | मंगळवार, रात्री ९:३५

सगळ्यांचे आभार. बिटकॉइनचं उत्तर मिळालं. आता डिजिटल रुपयाचं सांगा. तालुक्याच्या गावी एका कार्यक्रमात ऐकलं की ती 'नोटच आहे, फक्त फोनमधली'. नोटच असेल तर नोटेसारखी गुपचूप का नाही?

पायथ्याशी | बुधवार, सकाळी ९:१०

फार नेमका प्रश्न. माझ्या मते या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा.

रिझर्व्ह बँकेने किरकोळ वापरासाठी ई-रुपयाचा, म्हणजेच डिजिटल रुपयाचा, प्रायोगिक वापर १ डिसेंबर २०२२ ला सुरू केला. सुरुवातीला मुंबई, दिल्ली, बंगळूर आणि भुवनेश्वर ही ४ शहरं आणि ४ बँका, पुढे बऱ्याच वाढल्या. यूपीआयमध्ये पैसा बँक खात्यात असतो आणि फोन फक्त हुकूम देतो. ई-रुपयात पैसाच वॉलेटमध्ये येतो. नोटांसारखेच मूल्यवर्ग, आणि नोटेसारखंच व्याज नाही. २०२३ पासून यूपीआयच्या क्यूआरवरही तो चालतो.

आता दिसण्याचं. खात्यातून वॉलेटमध्ये ५०० घेतले, तर पासबुकात ५०० ची एक ओळ येते. पुढे त्यातले २० चहाला, ६० तेलाला गेले, ते पासबुकात येत नाही. यूपीआयच्या मानाने हा फरक मोठा आहे. पण बँकेला काहीच कळत नाही असं मुळीच नाही. फोन हरवला तर वॉलेट परत मिळवता येतं, यातच उत्तर आहे: कुठेतरी नोंद आहे म्हणूनच ते परत मिळतं. डब्यातली नोट हरवली तर रिझर्व्ह बँक ती परत देत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२२ च्या टिपणात छोट्या व्यवहारांना रोखीसारखी वाजवी अनामिकता असावी असा विचार आहे. २०२४ साली तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी व्यवहाराची नोंद कायमची पुसून टाकणं हा एक मार्ग सांगितला होता. हे हेतू चांगले आहेत. पण हेतू आणि कायद्यातलं कलम यांत अंतर असतं. ते कलम यायला हवं.

आणि हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे असं कोणी म्हणालं तर मानू नका. डेव्हिड चॉम या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मार्ग दाखवला होता. त्याचं उदाहरण असं: नोटेचा कागद कार्बन लावलेल्या पाकिटात घालून बंद करा आणि बँकेला द्या. बँक पाकिटावर शिक्का मारते, कार्बनमुळे शिक्का आतल्या कागदावर उमटतो, पण आतला क्रमांक बँकेला दिसत नाही. पुढे तो कागद दुकानदारामार्फत बँकेत परत येतो तेव्हा बँक स्वतःचा शिक्का ओळखते, पण तो कोणाला दिला होता हे सांगू शकत नाही. चॉमने त्यावर डिजिकॅश नावाची कंपनी काढली, ती १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली. गणित मात्र आजही तितकंच खरं आहे. म्हणून फोनमधली नोट गुपचूप असावी की नाही हा गणिताचा प्रश्न नाही, आपण काय मागतो त्याचा आहे.

सातासमुद्रापार | बुधवार, दुपारी १२:०५

फ्रँकफुर्टहून. इथे हीच चर्चा डिजिटल युरोवर चालू आहे. युरोपियन सेंट्रल बँकेच्या आराखड्यात इंटरनेटविना चालणारा एक प्रकार आहे, ज्यात व्यवहाराचा तपशील फक्त देणारा आणि घेणारा या दोघांनाच कळेल. तरीही माझ्या शेजारच्या आजी म्हणतात, मला नाणीच द्या. त्या पूर्व जर्मनीत वाढल्या, टेहळणी काय असते ते त्यांनी पाहिलं आहे.

जुना_कॅशिअर | बुधवार, दुपारी ३:३०

@पायथ्याशी, कार्बनचं उदाहरण आवडलं. पण दुसरी बाजूही मांडतो. मी काउंटरवर असताना फसलेल्या माणसाचे पैसे थांबवता आले ते फक्त माग लागत होता म्हणून. आजही सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तासाभरात फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात गोठवता येतात. पूर्ण अनामिक डिजिटल नोट झाली तर पोलीस असल्याचं भासवून फोनवर पैसे उकळणाऱ्या 'डिजिटल अरेस्ट'वाल्यांना तीच सोयीची होईल. छोट्या रकमेला आडोसा आणि मोठ्या रकमेला माग, असं काहीतरी मला पटतं.

ओवीताई, ई-रुपयाआधी यूपीआय लाइट बघा. तेही साध्या यूपीआय ॲपमध्येच आहे. खात्यातून थोडे पैसे त्यात भरायचे, छोटी खरेदी पिनशिवाय होते आणि पासबुकात फक्त भरल्याची ओळ दिसते. बँक दिवसभराच्या खर्चाचा एकत्रित मेसेज पाठवते, पण नंबर एकदा बाईंचा झाला की तो त्यांनाच जातो.

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ९:५०

सगळे पैशाबद्दल बोलताहेत. मी फोनबद्दल बोलते. आमचं कराडजवळ मोबाइलचं दुकान आहे, १२ वर्षं झाली. फोन घ्यायला मुलगा येतो आणि म्हणतो, आईचा फोन आहे, सगळं चालू करून द्या. मग जीमेल खातं दुकानातला पोरगा उघडतो, पासवर्ड खोक्यावर लिहितो आणि खोकं घरात कपाटावर पडून राहतं. त्या पासवर्डने कोणीही दुसऱ्या फोनवर बाईंचे फोटो, संपर्क, कुठे गेल्या-आल्या ते पाहू शकतो. आता आम्ही पासवर्ड बाईंनाच टाकायला लावतो. वेळ लागतो, गिऱ्हाईक मागे उभं राहतं, तरी लावतो.

बैठकीत प्रत्येकीच्या फोनवर हे बघा. स्क्रीन उघडायला किती बोटं नोंदवलेली आहेत? खूपदा ३ असतात आणि बाईंचं एकच असतं. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा. मुलाने एकदा लॅपटॉपला जोडलेलं असतं आणि ते तसंच चालू असतं, आईचे सगळे निरोप तिकडे उमटतात. व्हॉट्सॲपला २०१६ पासून दोन्ही टोकांपर्यंत कुलूप आहे, पण हे तिसरं टोक आपणच उघडलेलं असतं. निरोपांचा बॅकअप, म्हणजे जपून ठेवलेली प्रत, गूगल ड्राइव्हवर जातो, त्याला वेगळं कुलूप २०२१ पासून देता येतं, पण ते आपण चालू करावं लागतं. तो पासवर्ड विसरला तर बॅकअपमधले जुने निरोप परत मिळत नाहीत हेही सांगा.

आणि सिम. सिम कोणाच्या नावावर आहे? नवऱ्याच्या नावावर असेल तर तो दुकानात जाऊन तेच सिम दुसरं काढू शकतो, त्यात बेकायदा काही नाही. मग बँकेत नंबर बदलून काय उपयोग? संचार साथीच्या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं. बाईंच्या स्वतःच्या आधारवर घेतलेलं सिम, हे माझ्या मते बँकेच्या अर्जाच्याही आधीचं काम आहे.

जुना_कॅशिअर | बुधवार, रात्री १०:०५

बरोबर. माझा क्रम चुकला. आधी सिम, मग बँक.

शिंपलं | गुरुवार, सकाळी १०:२०

लग्नपत्रिकेच्या नावाने येणाऱ्या फाइलचंही सांगा. माझ्या मावशीला नात्यातल्याच नंबरवरून 'लग्नाचं आमंत्रण' आलं. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके होतं. उघडल्यावर ॲप बसलं, मेसेज वाचायची परवानगी मागितली, तिने दिली. मग ओटीपी परस्पर वाचले गेले आणि ८६ हजार गेले. ती आम्हाला म्हणत होती, व्हॉट्सॲपवर कुलपाचं चित्र होतं की. कुलूप होतंच. चोर पत्रिका होऊन घरात आला होता.

विधिज्ञा | गुरुवार, सकाळी ११:००

अंगठ्याबद्दल एक. गावात ज्या बायका अंगठा लावून पैसे काढतात त्यांना सांगा की 'सर्व्हर गेला, परत लावा' असं कोणी म्हणालं तर आधी पहिल्या वेळची पावती मागायची. आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं, पैसे काढायच्या वेळी तेवढ्यापुरतं उघडायचं. त्याला आधारशी जोडलेला मोबाइल लागतो. तोही बहुतेकींचा नवऱ्याचाच निघेल, म्हणजे पुन्हा कृष्णाकाठ म्हणतात तिथेच येतो आपण.

गाठोडं | गुरुवार, रात्री ९:१५

काल बायकोला विचारलं, तुझ्या खात्याला तुझा नंबर टाकायचा का. ती काही वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, हो. मला वाटलं होतं ती म्हणेल कशाला. आज दोघं जाऊन अर्ज देऊन आलो. एवढंच कळवायचं होतं.

ओवी_माण | १० दिवसांनंतर, रविवार, रात्री १०:३०

काल बैठक झाली. १९ जणी होत्या. सुरुवातीलाच मी मावशींना म्हणाले, मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं. मग पोस्टकार्ड आणि पाकिटाचं उदाहरण दिलं. ते लगेच कळलं, कारण बऱ्याच जणींनी मुंबईच्या गिरणीतून आलेली वडिलांची पोस्टकार्डं दुसऱ्याकडून वाचून घेतलेली आहेत.

फोन तपासले. ७ जणींच्या व्हॉट्सॲपला दुसरं काहीतरी जोडलेलं होतं. एकीला ते कोणाचं हे माहीतच नव्हतं. स्वतःच्या नावावर सिम ५ जणींचं. १८१ सगळ्यांचा पाठ झाला. नंबर बदलायचा की नवं खातं काढायचं हे मी कोणालाही सांगितलं नाही, फक्त कशाने काय दिसतं ते सांगितलं. तिघींनी 'राहू द्या' म्हटलं. त्यांची कारणं मला माहीत आहेत.

मावशींनी मात्र आधीच सगळं केलं होतं. मुलीच्या गावी जाऊन स्वतःच्या आधारवर सिम घेतलं, मग शाखेत अर्ज. जुन्या नंबरवर मेसेज गेला, घरात दोन दिवस बोलणी झाली, त्या म्हणाल्या "झाली ती झाली." परवा पहिला बँकेचा मेसेज त्यांच्या स्वतःच्या फोनवर आला.

आणि तो इंग्रजीत होता. त्यांना वाचता येईना. नातवाला दाखवला. नातवाने आजोबांना सांगितलं.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सिम, खातं, कुलूप सगळं त्यांचं झालं आणि शेवटी अक्षरांनी अडवलं. बँकेत विचारलं, मराठीत मेसेज सुरू करता येतो का. ते बघून सांगतो म्हणालेत. तोवर आम्ही फळ्यावर मेसेजमधले दोनच इंग्रजी शब्द मोठे काढले, Credit म्हणजे जमा आणि Debit म्हणजे नावे. सगळ्या शब्दाची गरज नाही, पहिलं अक्षर पुरतं. मावशींनी बोटाने फळ्यावर गिरवून पाहिलं: अर्धी बांगडी म्हणजे आले, पोट आलेलं अक्षर म्हणजे गेले. पुढे येतो तो आकडा, तो तर त्यांना कधीपासून वाचता येतो.

निघताना त्यांनी फोन काढून मला मेसेज दाखवला आणि माझ्याआधी स्वतःच वाचला. "अर्धी बांगडी. दीड हजार." मग फोन बंद करून कनवटीला लावला.

कोणाकडे अशा मेसेजमध्ये येणाऱ्या शब्दांची यादी असेल, मराठी उच्चारासह, तर कृपया इथे टाका. शिल्लक, शुल्क, मुदत, नाकारले, एवढे चार तरी हवेत. पुढची बैठक २ तारखेला आहे.

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ११:१०

उद्या दुकान उघडल्यावर करून टाकते. मोठ्या अक्षरात, एका पानावर. छापून हव्या असतील तर किती ते कळवा.